लगाम कोणाच्या हाती? : मंडळीच्या सेवकांना मिळणाऱ्या मार्गदर्शनाविषयी काही विचार

उज्जैन शहराबाहेर मंगलनाथाकडे जाणाऱ्या वाटेवर सांदीपनी ऋषींचा आश्रम म्हणून दाखविले जाणारे एक स्थान आहे. त्या परिसराला अंकपात असे नाव आहे. गुरुगृही शिकणाऱ्या कृष्णाने पाटीवर लिहिलेले अंक येथील पाण्यात धुतले म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका स्थानिक लोक सांगतात. काही दिवसांपूर्वी एका वयोवृद्ध उपदेशक बंधूंबरोबर त्या बाजूने जाण्याचा योग आला. ही कथा ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आमच्या सेवेतलेही अंक असे कोणी धुतले असते तर बरे झाले असते. वरिष्ठ आले की विचारीत, बाप्तिस्मे किती झाले, उपासनेला माणसे किती असतात, वर्गणी किती जमली. तुमचे स्वतःचे कसे चालले आहे, असे मात्र कोणी विचारल्याचे मला आठवत नाही."

ह्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक जिव्हारी लागले. आपण मंडळीच्या सेवकाला सेमिनरीत काही वर्षे शिकवितो, दीक्षाविधीच्या दिवशी त्याच्या मस्तकावर हात ठेवितो आणि त्यानंतर त्याला एखाद्या दूरच्या गावी एकटा सोडतो. पुढे त्याची व आपली भेट होते ती अहवाल, बदली किंवा तक्रार ह्या तीन निमित्तांनी. शिक्षण संपल्यानंतर आणि निवृत्तीपूर्वी जी तीस-पस्तीस वर्षे असतात, त्या काळात त्याच्याबरोबर कोण चालतो, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांनी फारसा विचारलेला नाही.

आता ह्या प्रश्नाचे एक तयार उत्तर पुढे येत आहे, त्याचे नाव कोचिंग. उज्जैनच्या फ्रीगंज भागात किंवा आपल्याकडील कोणत्याही तालुक्याच्या गावी ह्या शब्दाचा अर्थ विचारला तर उत्तर ठरलेले: परीक्षेसाठी लावायचा क्लास. पाळकांसाठीच्या शिबिरांतून मात्र हा शब्द निराळ्या अर्थाने वापरला जातो. एका सेवकाने दुसऱ्याशी ठराविक काळाने बसून बोलावे, त्याला उपदेश न करता प्रश्न विचारावेत आणि त्याच्या कामाचा मार्ग त्याचा त्यालाच सापडू द्यावा, असा त्याचा आशय आहे. ह्या पद्धतीचे मोल किती आणि मर्यादा कोणत्या, हे पारखून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. हंगेरीतील कोच नावाच्या गावी बनणाऱ्या घोडागाडीवरून युरोपातील भाषांना हा शब्द मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डचे विद्यार्थी आपल्याला परीक्षेच्या पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेने 'कोच' म्हणू लागले. तेथून तो शब्द क्रीडांगणावर गेला. 1974 साली टिमथी गॅलवे ह्यांनी टेनिसवरील आपल्या पुस्तकात असे मांडले की, खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे नसून त्याच्या स्वतःच्या मनात असतो, आणि सूचनांचा मारा केल्याने त्याचा खेळ सुधारण्याऐवजी बिघडतो. पुढे 1992 साली, पूर्वी मोटारींच्या शर्यतींत भाग घेणारे जॉन व्हिटमोर ह्यांनी हीच दृष्टी कारखाने व कचेऱ्या ह्यांच्या व्यवस्थापनाला लावली. ध्येय, वास्तव, पर्याय आणि निश्चय ह्या चार पायऱ्यांनी संभाषण न्यावे, ही त्यांच्या ग्रंथामुळे रूढ झालेली पद्धत आज मंडळीतील शिबिरांतही जवळजवळ जशीच्या तशी शिकविली जाते.

ह्या पद्धतीचा एक गुण निर्विवाद आहे. ती ऐकावयास शिकविते. आपण पाळक लोक बोलण्यात तरबेज असतो. समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी आपल्याला वचन आठवते. ज्याला त्या क्षणी वचनाची नव्हे तर श्रोत्याची गरज आहे, त्याच्यापुढे मौन राखणे ही आपल्याला अवघड जाणारी साधना आहे, आणि ती कोणी शिकवीत असेल तर ते कृतज्ञतेने शिकावे.

तथापि दोन आक्षेप नोंदविणे भाग आहे. पहिला असा की, कारखान्यात ध्येय ठरविता येते, परंतु मंडळीचा सेवक हा पाचारण झालेला मनुष्य असतो. यिर्मयासारखा संदेष्टा चार पायऱ्यांच्या ह्या संभाषणात बसविला असता तर त्याच्या सेवेचा हिशेब सपशेल अपयशाचा निघाला असता. ज्या पद्धतीत क्रूसाला जागा नाही, ती सेवकाला कार्यक्षम करील, पण अपयशात विश्वासू राहण्याचे बळ देणार नाही. दुसरा आक्षेप आपल्या समाजरचनेतून येतो. ज्याच्या हाती बदलीचा अधिकार आहे, त्याने कितीही सौम्य शब्दांत "तुम्हांला काय वाटते?" असे विचारले, तरी आपल्याकडे तो प्रश्न चौकशीसारखा ऐकू येतो. उत्तर देणारा वरिष्ठांना आवडेल असेच उत्तर देतो, आणि मार्गदर्शनाच्या नावाखाली फक्त एक नवा अहवाल तयार होतो.

म्हणजे प्रश्न पद्धतीचा नसून अधिकाराचा आहे: मार्गदर्शन करणाऱ्याने समोरच्याच्या विवेकबुद्धीशी कसे वागावे? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी पुस्तकांच्या दारी जाण्याचे कारण नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासात हा प्रश्न एकदा फार तीव्रतेने उभा राहिला होता आणि त्याची साक्ष देणारी पत्रे आपल्यापाशी आहेत. पंडिता रमाबाई आणि त्यांचे मार्गदर्शक ह्यांच्यातील ती पत्रे. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या सिस्टर जेरल्डीन ह्यांनी ती जपून एकत्र केली आणि अ. भि. शहा ह्यांनी संपादित केलेला तो इंग्रजी संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या चरित्राचे साधन म्हणून अभ्यासक तो वाचतात. मार्गदर्शनशास्त्राचा ग्रंथ म्हणून पाळकांनी तो वाचावा, असे मला सुचवावयाचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या मिळविल्या आणि 1882 साली पतिनिधनाचे दुःख सोसले. 1883 साली त्या आपल्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला वाँटेज येथे गेल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेरल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता झाल्या. पुढे रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या. तेथील प्राचार्या डोरोथिया बील ह्या त्यांच्या दुसऱ्या मार्गदर्शक. आणि तिसरे मार्गदर्शक हिंदुस्थानातून पत्रे लिहिणारे फादर नेहेम्या गोऱ्हे. काशीच्या विद्वत्परंपरेत वाढलेले हे नीलकंठशास्त्री स्वतः वादविवादाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेले होते.

जेरल्डीनबाईंचे प्रेम खरे होते, ह्याविषयी पत्रे वाचणाऱ्याला शंका राहत नाही. मायलेकींची त्यांना काळजी होती. परंतु ज्या ज्या वेळी रमाबाईंनी प्रश्न केला, त्या त्या वेळी धर्ममातेला त्यात अहंकार दिसला. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीची शंका असो, अंड्याचा अंश असलेले पक्वान्न न खाण्याचा आग्रह असो, किंवा क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या संस्कृतात काय उणे आहे, हा सवाल असो. सर्वांवर उपाय एकच सांगितला जातो, आज्ञाधारकपणा. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची कल्पना निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाईंनी व्यक्त केलेले आश्चर्य मार्मिक आहे. जी गोष्ट आपल्या वडिलांना व पतीला गैर वाटली नाही, ती ह्या इंग्रज मंडळींना गैर वाटावी! अखेर 1885 साली त्यांनी स्पष्ट लिहिले की, आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोत, परंतु धर्मगुरूंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द स्वीकारण्यास बांधलेल्या नाही; देवाने आपल्याला विवेक व बुद्धी दिली आहे आणि ती आपणच वापरली पाहिजे.

बीलबाईंची रीत निराळी होती. सिद्धांताविषयी त्याही आग्रही होत्या. रमाबाईंनी त्रैक्य मानू नये असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. पण शंकेला त्यांनी शंका म्हणूनच वागविले, तिला पापाचे नाव दिले नाही. विचार करणाऱ्या मनाला विचार करूनच पुढे जाता येईल, हे त्या एका शिक्षिकेच्या अनुभवाने जाणून होत्या. आणि गोऱ्हे ह्यांच्या पत्रांनी काय केले हे रमाबाईंनी स्वतःच 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. ब्राह्म मतापासून आपली बुद्धी वळविण्याचे सामर्थ्य त्यांच्या पत्रांत होते, असा त्यांचा निर्वाळा आहे. ह्याचे कारण उघड आहे. गोऱ्हे शास्त्रीबोवांनी ते सर्व प्रश्न पूर्वी स्वतःला विचारलेले होते. ते वरून बोलत नव्हते. आपण चालून आलेल्या वाटेवरचे खाचखळगे दाखवीत होते.

प्रस्तुत संग्रहाविषयी एक टीका येथे केली पाहिजे. त्याची दोन वाचने ग्रंथातच अंतर्भूत आहेत. जेरल्डीनबाईंच्या टिपांतून रमाबाई हट्टी लेकरासारख्या दिसतात. संपादक शहा हे धर्मनिरपेक्षतेच्या चळवळीचे पुरस्कर्ते. त्यांच्या दृष्टीने पाहता रमाबाई प्रथम बंडखोर ठरतात. ह्या दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते. रमाबाई मार्गदर्शन नाकारीत नव्हत्या. बंडखोराने पत्रे लिहिणे थांबविले असते. त्यांनी ते थांबविले नाही. मतभेदानंतरही वाँटेजशी त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. त्यांना मार्गदर्शक हवा होता, मालक नको होता. आणि जेरल्डीनबाईंच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे: ज्या पत्रांत आपली बाजू लंगडी दिसते ती पत्रेही त्यांनी फाडून टाकली नाहीत. आपल्या मार्गदर्शनाचा असा पुरावा मागे ठेवण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांत आहे?

परिणाम सर्वांना ठाऊक आहे. 1889 साली मुंबईत शारदासदन, पुढे केडगाव येथे मुक्तिसदन, 1905 सालची जागृती, आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत चालविलेले मूळ इब्री व ग्रीकवरून साध्या मराठीत शास्त्र आणण्याचे प्रचंड काम. ज्या बुद्धीला वाँटेजमध्ये अहंकार म्हटले गेले, त्याच बुद्धीने हे काम केले. ती बुद्धी त्या वेळी मोडली असती तर मंडळीला एक आज्ञाधारक सभासद मिळाली असती, पण रमाबाई मिळाल्या नसत्या. आणखी एक गोष्ट. आपल्या त्याच साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्ताची ओळख मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी झाली. म्हणजे सर्वोत्तम मार्गदर्शकही दारापर्यंतच नेतो. दार उघडणारा आत्मा असतो.

पवित्र शास्त्रातील एक प्रसंग ह्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावा. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात कूशी अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत आहे. फिलिप्प धावत रथाजवळ जातो. तो व्याख्यानाने सुरुवात करीत नाही, प्रश्नाने करतो: जे वाचता ते समजते काय? वाट दाखविणाऱ्यावाचून कसे समजणार, असे म्हणून अधिकारी त्याला वर बोलावितो. फिलिप्प शेजारी बसतो आणि त्याने उघडलेल्या त्याच भागापासून आरंभ करतो. पाणी दिसताच बाप्तिस्म्याची गोष्ट अधिकारीच काढतो. मग आत्मा फिलिप्पाला घेऊन जातो आणि अधिकारी हर्ष करीत आपल्या वाटेने जातो. मराठीत नेतृत्वाला आपण सारथ्य म्हणतो. सारथ्याच्या हाती लगाम असतो. पण फिलिप्प सारथी झाला नाही. रथ अधिकाऱ्याचा, वाट अधिकाऱ्याची. फिलिप्प तेवढ्या वाटेपुरता सहप्रवासी.

ह्यावरून केवळ प्रश्न विचारावेत व सल्ला देऊच नये, असा निष्कर्ष काढणे एकांगी होईल. निर्गमाच्या अठराव्या अध्यायातील इथ्रो सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करीत बसलेल्या आपल्या जावयाला पाहतो, हे तू काय चालविले आहेस असे विचारतो आणि मग रोखठोक सांगतो की, अशाने तू व हे लोक दोघेही खचून जाल. सल्ला नेमका आहे. परंतु देवाची तशी आज्ञा असल्यास, अशी अट तो स्वतःच घालतो, आणि काम झाल्यावर आपल्या देशी परत जातो. छावणीत अधिकारपद मागत नाही. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल आधी एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपला भार आपणच वाहिला पाहिजे असे म्हणतो. ह्यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. ही दोन्ही वचने जो एकत्र धरून ठेवू शकतो तोच दुसऱ्याला मार्गदर्शन करण्यास पात्र होय.

कोणी म्हणेल, आपल्या भूमीत गुरुशिष्यपरंपरा असताना ह्या नव्या नावाची गरज काय? ती परंपरा थोर आहे, पण तिला दोन तोंडे आहेत. एकलव्याचा अंगठा मागणारे द्रोणाचार्य हे एक तोंड. शिष्य आपल्यापेक्षा किंवा आपल्या लाडक्यापेक्षा वरचढ होईल ह्या भयाने त्याचे सामर्थ्यच दक्षिणा म्हणून मागून घेण्याचा मोह मंडळीतही आढळतो. हुशार तरुण सेवकाची दूरच्या गावी झालेली बदली ही पुष्कळदा अशीच दक्षिणा असते. दुसरे तोंड उज्जैनच्या सांदीपनींचे. भागवतात कृष्ण सुदाम्याला गुरुगृहीच्या एका रात्रीची आठवण देतो. सरपण आणावयास गेलेली दोघे मुले अवकाळी वादळात सापडली आणि एकमेकांचे हात धरून रात्रभर रानात भटकत राहिली. सूर्योदय होताच सांदीपनी स्वतः त्यांना शोधीत रानात आले. सरपण किती आणले, असे त्यांनी विचारले नाही. आपल्यासाठी मुलांनी सोसलेल्या त्रासाने ते कळवळले.

आपल्या धर्मप्रांतांत व मंडळ्यांत ह्या विचाराचा आरंभ मोठ्या योजनेवाचूनही करता येईल. प्रत्येक पाळकाने व धर्मशिक्षकाने आपल्यासाठी एक वडीलधारा किंवा समवयस्क सोबती निवडावा. तो नेमून दिलेला नसावा. त्या सोबत्याच्या हाती त्याच्या बदलीचा, पगाराचा किंवा बढतीचा अधिकार नसावा. दोघांतील बोलणे कोणत्याही अहवालात जाऊ नये. पापाच्या कबुलीसाठी धर्मगुरू आणि शिस्तीसाठी वरिष्ठ आहेतच. सोबत्याने त्यांची जागा घेऊ नये. भेट ठरलेल्या वारी व्हावी, अडचण येईपर्यंत थांबू नये, कारण अडचणीत सापडलेला सेवक बहुधा बोलावयास येत नाही. शेवटची गोष्ट अशी की, काही काळाने सोबत्याने स्वतःलाच विचारावे: हा माझ्यावाचून निर्णय घेऊ लागला आहे काय? लागला असेल तर आपले काम सफल झाले असे समजून आनंद मानावा, मनाला लावून घेऊ नये.

वरिष्ठांनीही ह्यात एक त्याग करावयाचा आहे. आपल्या अधिकाराखालील सेवकाचे मन जाणणारा दुसरा कोणी आहे आणि तो आपल्याला काहीच सांगणार नाही, हे त्यांना सोसावे लागेल. आपल्या संस्थांत ही गोष्ट सर्वांत अवघड ठरेल, असा माझा अंदाज आहे. जेथे ती साधणार नाही तेथे कोचिंगची शिबिरे कितीही भरली, तरी आणखी एका प्रमाणपत्रापलीकडे काही हाती लागणार नाही.

अंकपातहून परत येताना त्या वृद्ध उपदेशक बंधूंना मी विचारले की, इतकी वर्षे तुम्ही कशाच्या आधारावर काढलीत. ते म्हणाले, "शेजारच्या गावी आणखी एक उपदेशक होते. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे चहाला बसत असू. ते विचारीत, ह्या आठवड्यात कोणत्या वचनाने तुम्हांला त्रास दिला? तेवढ्यासाठी मी आठवडाभर शास्त्र वाचीत असे." त्या गृहस्थांनी कोचिंग हा शब्द ऐकला नव्हता. ते गेल्यावर त्यांची जागा भरली गेली, अहवालही वेळेवर जात राहिले. बाजाराच्या दिवशीचा तो प्रश्न मात्र पुन्हा कोणी विचारला नाही.